सात कुठनं आणायचं?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाऊस लागून राहिला, आणि खरं सांगायचं तर लिहावं असं काही सुचतही नव्हतं. दोघातिघांनी फोन करून विचारलंसुद्धा, "काकू, ब्लॉग बंद केला की काय?" बंद नाही केला. पण आज जे लिहायला बसले आहे ते गेली पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं मनात कुठेतरी रुतून बसलेलं आहे. ते वर यायला निमित्त झालं नातवाच्या गणिताचं.

नातू बंगळूरला असतो. सहावीत आहे, शाळा अर्थातच इंग्रजी. घरात मराठी बोलतात, पण ते मराठी म्हणजे कसं, तर दुपारी अडीच वाजता फोन कर म्हटलं की तो म्हणतो, "साडेदोनला करू का?" मी दर वेळी सांगते, "अरे, साडेदोन नसतं, अडीच असतं." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "साडेतीन असतं, साडेचार असतं, मग साडेदोनच का नसतं?" आता याला काय सांगणार! (हे उत्तर मला पुढे सापडलं. ते ओघात येईलच.)

तर तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी व्हिडिओ कॉल चालू होता. स्वारी वही पुढ्यात घेऊन बसली होती. म्हणाला, "आजी, इंप्रॉपर म्हणजे चुकीचं ना? वाईट वागणं म्हणजे इंप्रॉपर. मग इंप्रॉपर फ्रॅक्शन असं का म्हणतात? चुकीचं असेल तर गणितात ठेवलंच का?"

मला हसू आलं. म्हटलं, "आमच्या मराठीत त्या बिचाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. आमच्याकडे त्याचं नाव अंशाधिक अपूर्णांक. अंश छेदापेक्षा अधिक म्हणून अंशाधिक. आणि छेद मोठा असेल तर छेदाधिक. झालं!" त्याला ते आवडलं असावं, कारण दोनदा 'अंशाधिक, अंशाधिक' असं म्हणून बघितलं. मी खूश. मास्तरकी अंगात भिनलेली, ती काय अशी जाते! लगेच मी नियमही सांगून टाकला. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना तो झोपेतही म्हणता येईल: अंशाला छेदाने भागा, भागाकार येईल तो पूर्णांक, बाकी उरेल ती अंशाच्या जागी, छेद तोच. सात छेद चार घ्या. सातला चारने भागलं, भाग एकाचा गेला, बाकी तीन. उत्तर एक पूर्णांक तीन चतुर्थांश, म्हणजे १ ३/४. पूर्णांकयुक्त अपूर्णांक तयार.

"ते मला येतं," तो म्हणाला. "टेनपैकी टेन मिळाले मला. पण आजी, एका पिझ्झाचे चार तुकडे केले तर त्यातले सात कसे घ्यायचे? चारच आहेत ना?"

मंडळी, मी गप्पच झाले. हा प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता. फक्त तेव्हा पिझ्झा नव्हता, भाकरी होती.

*

साल १९७९. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातल्या हायस्कुलात नोकरीला होते. गावाचं आणि शाळेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, नंतर बी.एड. केलेलं. शिकवायचा विषय मराठी आणि जोडीला इतिहास. पण त्या वर्षी गणिताचे सर मध्येच दुसरीकडे गेले आणि पाचवीचं गणित माझ्या गळ्यात आलं. "बाई, पाचवीचंच तर आहे," असं म्हणून मुख्याध्यापकांनी वेळापत्रक हातात ठेवलं.

मीही आदल्या रात्री पुस्तक वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर उतरवायचं, असं सुरू केलं. अपूर्णांक म्हणजे एका वस्तूचे समान भाग करून त्यांपैकी काही भाग घेणे, ही व्याख्या. फळ्यावर खडूने गोल भाकरी काढायची, तिचे चार भाग करायचे, तीन रंगवायचे आणि म्हणायचं, हे तीन चतुर्थांश. मुलांना छान समजायचं. मग आठवड्याभराने अंशाधिक अपूर्णांक आले. त्यात चित्र नव्हतं, नियम होता. तो मी लिहून दिला आणि पाच उदाहरणं सोडवून दाखवली.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वस्तीवरून दोन-अडीच मैल चालत यायची. अबोल होती, पण डोळे फार तरतरीत. म्हणाली, "बाई, एका भाकरीचं चार तुकडं केलं तर सात कुठनं आणायचं?"

वर्ग हसला. सगळा वर्ग हसला आणि मला वाटलं, ही माझी थट्टा करते आहे. आज मागे वळून बघताना मला लख्ख दिसतं की थट्टा वगैरे काही नव्हती. मला उत्तर येत नव्हतं, एवढंच खरं होतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, गणित आपल्याला येत नाही ही धास्ती मनात होती, आणि पन्नास मुलांसमोर ती उघडी पडणार असं वाटलं. मी म्हणाले, "जास्त शहाणपणा करू नकोस." आणि तिला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं.

पुढे वार्षिक परीक्षेत तिने अपूर्णांकांची सगळी उदाहरणं बरोबर सोडवली. भागाकार, बाकी, छेद तोच. एकही चूक नाही. पण त्या दिवसानंतर तिने माझ्या तासाला हात वर केला नाही. सातवीनंतर ती शाळेत आली नाही. तेव्हा बऱ्याच मुली येत नसत. माझ्यामुळे तिची शाळा सुटली असं मी म्हणत नाही, तितकं काही मोठं माझ्या हातात नव्हतं. पण तिचं विचारणं माझ्यामुळे सुटलं, हे मला माहीत आहे.

*

तर पुन्हा त्या रविवारी येऊ. नातू वाट बघत होता. या वेळी मी शहाणी झाले होते, असं मला वाटलं. म्हटलं, "अरे, सोपं आहे. दुसरा पिझ्झा मागवायचा. त्याचेही चार तुकडे करायचे. पहिल्याचे चार आणि दुसऱ्याचे तीन, झाले सात!"

इतकं सोपं उत्तर. एवढंच तेव्हा म्हणाले असते तर? असा विचार मनात येतो न येतो तोच स्वारीने वहीत दोन वर्तुळं काढली, दोन्हींचे चार-चार भाग केले, सात भाग रंगवले आणि कॅमेऱ्यासमोर वही धरून म्हणाला, "पण आजी, आता टोटल आठ तुकडे आहेत. त्यातले सात घेतले. हे तर सेव्हन-एट्थ्स झालं! सात छेद आठ."

झालं का! बरं, त्याचं काय चुकलं? एकूण आठ, घेतले सात. व्याख्येप्रमाणे तर सात अष्टमांशच. शेजारी बसलेली सूनबाई हसायला लागली. ती इंजिनीअर. म्हणाली, "आई, आम्ही तर ते मिक्स्ड बिक्स्ड लिहीतच नाही. सात छेद चार तसंच ठेवतो, नाहीतर सरळ एक पॉइंट पंचाहत्तर." ते तिचंही खरं. पुढे बीजगणितात दोन गोष्टी शेजारी लिहिल्या की त्यांचा गुणाकार समजतात, त्यामुळे १ ३/४ लिहिलं तर ती बेरीज की गुणाकार असा घोटाळा होतो. आणि गुणाकार-भागाकार करायचा तर पूर्णांकयुक्ताचं पुन्हा अंशाधिक करावंच लागतं. म्हणजे ज्याला इंग्रजीत 'अयोग्य' म्हणतात तोच कामाला जास्त योग्य. पण नातवाचा प्रश्न तो नव्हता. त्याला सात तुकड्यांचं काय करायचं ते हवं होतं.

मी त्याला म्हटलं, "बाळा, मला आत्ता सांगता येत नाही. मी विचार करते आणि पुढच्या रविवारी सांगते."

वाचायला हे साधं वाक्य आहे. पण छत्तीस वर्षं नोकरी केली, आणि वर्गात हे वाक्य मी किती वेळा म्हणाले असेन, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

*

आठवडाभर डोक्यात तेच. एका दुपारी तांदूळ निवडायला घेतले आणि डब्यातलं चिपटं हातात आलं. तांदूळ मोजायला मी अजून चिपटंच वापरते, सासूबाईंचं आहे. आणि एकदम लक्षात आलं, अरे, उत्तर तर हातात धरून बसले आहे मी!

आजच्या मुलांसाठी सांगते. धान्य मोजायची आमच्याकडची जुनी मापं अशी होती: दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. म्हणजे चिपटं हे शेराचा चौथा हिस्सा. मेट्रिक मापं १९५८ नंतर हळूहळू आली, पण गावाकडच्या स्वयंपाकघरातून चिपटं-मापटं पुढे कितीतरी वर्षं हललं नाही.

आता बघा. सात चिपटी तांदूळ घ्या. चिपटं म्हणजे पाव शेर. तेव्हा सात चिपटी म्हणजे सात चतुर्थांश शेर, सात छेद चार. इथे कुणी विचारणार नाही की एका शेरात चारच चिपटी मावतात तर सात कुठून आणली. पोत्यातून आणली! चिपटं बुडवायचं आणि काढायचं, सात वेळा काय नि सत्तर वेळा काय. आणि कुणी असंही म्हणणार नाही की हे सात अष्टमांश झाले. कारण चिपटं हे शेराचं चिपटं आहे. समोर एक शेर ठेवा, दोन ठेवा की दहा ठेवा, चिपटं पाव शेराचंच राहतं.

म्हणजे घोळ कुठे होता? 'घेतले किती' आणि 'एकूण किती' असं आम्ही शिकवत होतो. छेद म्हणजे एकूण तुकडे, असं मुलाच्या मनात बसतं. एक भाकरी आहे तोवर ते चालून जातं. दुसरी भाकरी आली की कोसळतं. खरं म्हणजे छेद हे मापाचं नाव आहे. चतुर्थांश म्हणजे ज्याची चार मिळून एक होतं, असं माप. आणि अंश म्हणजे अशी किती मापं घातली, ती मोजणी. पण आधी 'एक' कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. एक पिझ्झा म्हणजे एक, की दोन्ही मिळून एक? नातवाने नकळत दोन पिझ्झांना एक धरलं होतं. त्याचं गणित चुकलं नव्हतं, 'एक' बदलला होता.

कामाला येणाऱ्या मावशींना माळ्यावर चढवलं आणि ट्रंकेतला जुना शेर खाली काढून घेतला. चिंचेने घासला. पुढच्या रविवारी टेबलावर परात, तांदूळ, शेर आणि चिपटं मांडून बसले. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

"हे काय, आजी? कुकिंग शो?"

"गप्प बस आणि मोज," म्हटलं. परातीत एकेक चिपटं ओतायला लागले. आमची आजी धान्य मोजताना 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. लाभ, दोन, तीन, चार... नातवाला ते इतकं आवडलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. सात चिपटी झाली. मग परातीतले तांदूळ शेरात भरायला लागले. शेर भरला. तेवढ्यात त्याचा आवाज, "आजी, वरून डोंगर झालाय, चीटिंग!" बरोबर होतं. शीग नको, सपाट हवं. हाताने निपटून सपाट केलं. उरलेले तांदूळ पुन्हा चिपट्याने मोजले. एक, दोन, आणि तिसरं भरून वर थोडे तांदूळ उरले. चिपट्याला पोचा आलेला आहे की शेराला, देवच जाणे. त्याला म्हटलं, "पन्नास वर्षांची भांडी आहेत, एवढं चालायचं." आजकालची पोरं, म्हणतो, "ओके, एक्स्पेरिमेंटल एरर."

पण मग तो आपण होऊन बोलायला लागला. "म्हणजे एक शेर भरला, तो वन. आणि तीन चिपटी उरली, ती थ्री-फोर्थ्स. वन थ्री-फोर्थ्स! आजी, भागाकार म्हणजे किती शेर भरले, आणि रिमेंडर म्हणजे किती चिपटी उरली."

"आणि छेद तोच का राहतो?" मी विचारलं.

"कारण चिपटं तेच आहे ना!"

काय सांगू तुम्हाला. 'छेद तोच' हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा फळ्यावर लिहिले असतील! का, ते मला माहीत नव्हतं. उरलेले तांदूळ आपण त्याच मापाने मोजतो म्हणून छेद तोच.

मग आम्ही बरीच गंमत केली. एकोणतीस केळी म्हणजे किती डझन? दोन डझन आणि पाच वर, म्हणजे २ ५/१२. एकशे पस्तीस मिनिटं म्हणजे किती तास? दोन तास आणि वर पंधरा मिनिटं, पंधरा मिनिटं म्हणजे पाव तास, म्हणजे सव्वादोन. दुकानात कोणी नऊ चतुर्थांश किलो साखर मागत नाही, सव्वादोन किलो मागतो. आपण रोज बोलतो ते सगळे पूर्णांकयुक्त अपूर्णांकच. माझ्या लहानपणी तर त्यांचे पाढेच पाठ करायला असत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणताना औटकी आली की आमची गाडी हमखास अडायची.

आणि इथे मला 'साडेदोन'चं उत्तर मिळालं. बी.ए.ला भाषेचा अभ्यास केला होता, तो पन्नास वर्षांनी असा उपयोगी पडला. अडीच हा शब्द संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' या शब्दावरून प्राकृतातून घासत-घासत आला आहे. अर्धतृतीय म्हणजे तिसरा अर्धा. दोन पूर्ण भरले आणि तिसरा भरताना अर्ध्यावर थांबलो, ते अडीच. तसंच दीड म्हणजे दुसरा अर्धा. आणि औट म्हणजे 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. बघा, शब्दातच माप भरण्याची क्रिया आहे! तीनच्या पुढे औट मागे पडला आणि सार्ध म्हणजे 'अर्ध्यासकट' यावरून आलेलं 'साडे' रुळलं. पण दीड आणि अडीच आपल्या जागेवरून हलले नाहीत. माझा भाचा जर्मनीत असतो. तो सांगतो, तिकडे अडीच वाजले की 'अर्धे तीन' असं म्हणतात. म्हणजे आपण एकटेच नाही.

नातवाने मग पावणेदोनवर बोट ठेवलं. "एकपेक्षा जास्त आहे तर नावात दोन कसे आले?" कारण पावणे म्हणजे पाद-ऊन, पाव कमी. दोनाला पाव कमी ते पावणेदोन. सात चिपटी दोन प्रकारे सांगता येतात: एक शेर तीन चिपटी, किंवा दोन शेरांना एक चिपटं कमी. पुस्तकात फक्त पहिली रीत. आपल्या जिभेवर मात्र दुसरीच.

ही दुसरी रीत गावंढळ आहे असं कुणी समजू नये. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, दोन्ही रीती शेजारी-शेजारी दिलेल्या आहेत. पूर्णांकात अपूर्णांक मिळवायचा तो भागानुबंध, आणि पूर्णांकातून अपूर्णांक वजा करायचा तो भागापवाह. तिथलं उदाहरणसुद्धा काय आहे, तर सव्वादोन आणि पावणेतीन! सव्वादोनाचे होतात नऊ चतुर्थांश, पावणेतीनाचे अकरा चतुर्थांश. छेदाने पूर्णांकाला गुणायचं आणि अंश मिळवायचा किंवा वजा करायचा. आपण आज करतो त्याची उलट वाट. तेव्हा अंश आणि छेद यांच्यामध्ये आडवी रेघसुद्धा नसे, नुसते एकाखाली एक आकडे मांडत. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. आजोबांचं गणित नातवाने पुढे चालवलं. आमच्याकडे उलटं झालं, नातवाने आजीला गणित शिकवलं.

*

असो. गंमत इथवर. आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

ती मुलगी मला नंतर एकदा भेटली होती. २००३ साल असेल. तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर मी गाडीची वाट बघत बसले होते. एक बाई समोर आली, वाकून पाया पडली. "बाई, वळखलं का?" डोळ्यांवरून ओळखलं मी. बरोबर तिची मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची. तिला म्हणाली, "ह्या माझ्या बाई. लई कडक! मला एकदा तास संपस्तवर वर्गाबाहेर उभं केलं हुतं." आणि हसली. अगदी मनापासून, राग नाही, काही नाही. "कशापायी ते काय आता आठवत न्हाई. केला असंल काय तरी वांडपणा."

वांडपणा केला नव्हता तिने. तिला कारण आठवत नव्हतं, मला आठवत होतं. तेवढ्यात माझी गाडी लागली. तिने माझी पिशवी उचलून आत दिली. मी खिडकीत बसले, तिच्या मुलीला हात केला आणि गाडी सुटली. दोन मिनिटं होती माझ्याकडे. 'तू वांडपणा केला नव्हतास, प्रश्न विचारला होतास आणि मला उत्तर येत नव्हतं,' एवढं म्हणायला दोन मिनिटं पुष्कळ होती. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं? मुलीसमोर बाईचा मान जाईल म्हणून? की आता इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं म्हणून? मी स्वतःला दोन्ही कारणं देऊन पाहिली आहेत. दोन्ही पुरत नाहीत.

आणि सगळ्यात जास्त हे लागतं की उत्तर तिच्या घरात होतं. शेतकऱ्याची मुलगी ती. तिच्या आईच्या चुलीशेजारी चिपटं-मापटं असणारच. खळ्यावर 'लाभ, दोन, तीन' ऐकत ती मोठी झाली असणार. मी खडूची भाकरी काढण्याऐवजी तिलाच विचारलं असतं, "तुझ्या घरी सात चिपटी जोंधळे मोजले तर शेर किती गं?" तर तिने एका क्षणात सांगितलं असतं, "पावणेदोन शेर." आणि वर्ग हसला नसता. उलट त्या दिवशी तीच बाई झाली असती आणि मी खाली बसून शिकले असते. मला वाटायचं, शिकवणं म्हणजे माझ्याकडचं तिला देणं. तिच्याकडे काय आहे ते मी कधी पाहिलंच नाही.

ती आता साठीच्या आसपास असेल. सासरचं गाव मला माहीत नाही. गावाकडे दोघांना विचारून पाहिलं, अजून पत्ता लागलेला नाही. भेटली तर सांगेन, सात कुठून आणायचे ते. पोत्यातून आणायचे, बाई. भाकरीत अडकायचं नाही. आणि हेही सांगेन की त्या दिवशी वर्गाबाहेर मी उभं राहायला हवं होतं.

काल नातवाचा मोबाइलवर फोटो आला. वहीतली तीच दोन वर्तुळं, सात तुकडे रंगवलेले. पण आता खाली ७/८ खोडून ७/४ लिहिलं आहे, आणि त्याच्यापुढे मराठीत, वेड्यावाकड्या अक्षरांत: 'एका पिझ्झाचे'. शाळेत दाखवलंस का, विचारलं. म्हणाला, "हो. टीचरना पण विचारलं, छेद तोच का राहतो. त्या म्हणाल्या, उद्या सांगते."

त्या टीचरना माझा नमस्कार सांग म्हटलं.

तुमच्या आठवणीत असा एखादा प्रश्न असेल, तुम्ही विचारलेला किंवा तुम्ही दडपलेला, तर जरूर लिहा. वाट बघते.